पान पिवळं पडलं म्हणून लगेच बाटली आणू नका: खानापूर ते अथणी, फळबागेतली सूक्ष्म अन्नद्रव्यं

बागेत पिवळेपणा दिसला की आपल्या बेळगाव-विजापूर भागात प्रश्न एकच असतो, "पानं पिवळी पडाय लागलेत, काय मारू?" आणि दुकानातून उत्तरही बहुतेक एकच येतं, मिक्स मायक्रोन्युट्रियंट घेऊन जावा. त्यात झिंक आहे, लोह आहे, बोरॉन आहे, सगळंच आहे, मग नेमकं काय कमी पडलंय ते शोधायचं कशाला असं वाटतं. पण बऱ्याचदा ते द्रव्य जमिनीत भरपूर असतं आणि तरी झाडाला मिळत नाही, आणि का मिळत नाही याचं उत्तर खानापूरच्या बागेत एक तर अथणीच्या बागेत बरोबर उलटं असतं. एकच बाटली दोन्हीकडे चालत नाही ती म्हणूनच. हे एकदा नीट डोक्यात बसलं की निम्मा खर्च वाचतो आणि सेटिंग, म्हणजे फुलाचं फळ होणं, सुधारतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

झाडाला एकूण १७ अन्नद्रव्यं लागतात, त्यातली ८ सूक्ष्म: लोह, मँगनीज, झिंक, तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन आणि निकेल. शेवटच्या दोघांची आपल्याला काळजी करायची गरज नाही, ती आपोआप मिळतात. लागतात ग्रॅममध्येच पण अडवतात सगळं. लोहाशिवाय हिरवं द्रव्य तयार होत नाही. झिंक नसेल तर वाढीचं ऑक्झिन नीट बनत नाही, मग शेंडा बसतो, पान बारीक राहतं, दोन पेरांतलं अंतर आखडतं. आणि बोरॉन, जे फळवाल्यांनी सगळ्यात जास्त मनावर घ्यायला पाहिजे, कारण फुलावर पडलेला पराग रुजून त्याची नळी खाली बीजांडापर्यंत पोचायला बोरॉन लागतंच, ते कमी पडलं की फुलं ढीगभर आणि फळं मोजकी.

आधी माती ओळखा

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात आणि बेळगावच्या पश्चिमेला तांबडी-जांभी माती आहे, पाऊस धो धो, जमीन आम्लधर्मी. पावसाच्या पाण्याबरोबर बोरॉन सहज खाली धुऊन जातं कारण मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत, झिंकही कमी पडतं, आणि मॉलिब्डेनम तर आम्ल मातीत लोहाच्या ऑक्साइडला चिकटून बसतं. लोह आणि मँगनीज मात्र इथे उलट जास्तीच असतात. म्हणजे खानापूरच्या काजू-आंब्याला जो माणूस लोहाची बाटली मारतो तो पैसे मातीत घालतोय. इथलं खरं औषध म्हणजे माती परीक्षण करून चुना देणं, पण तोही बेतानं, कारण चुना जास्त झाला की तोच उरलंसुरलं बोरॉन आणि झिंक अडकवून ठेवतो.

आता पूर्वेला या. चिकोडीचा काही भाग, रायबाग, अथणी, गोकाकची काळी, पुढे तिकोटा, विजापूर, इंडी. इथे काळी जमीन, खाली चुनखडी, पीएच (आम्ल-अल्काचं माप, ७ म्हणजे मध्यम) ८ च्या वर. या मातीत लोह टनावारी असतं पण विरघळतच नाही, आणि झिंकचीही तीच गत. त्यात बोअरचं जड पाणी, म्हणजे बायकार्बोनेटवालं, ड्रिपनं रोज मुळाशी सोडलं की लोह आणखी अडतं. पाणी जास्त दिलं, वापसा (ओल आणि हवा दोन्ही बेताची असणं) मोडला, मुळाशी हवा नाही, तरी पान पिवळं पडतं आणि आपण मात्र खत कमी पडलं म्हणून अजून पाणी अजून खत करत बसतो. अशा बागेत पहिला उपाय म्हणजे दोन दिवस ड्रिप बंद ठेवून वापसा येऊ देणं. फुकटचा आहे म्हणून कमी समजू नका.

चुनखडी आहे का हे घरच्या घरी बघता येतं. ड्रिप साफ करायला आणलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पातळ करायचं (आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, हातमोजे आणि चष्मा घालूनच) आणि मातीच्या ढेकळावर चार थेंब टाकायचे. फसफसलं तर मोकळा चुना आहे. एक फूट आणि दोन फूट खोलीवरचं ढेकूळ पण बघा, वर नसेल तरी खाली असतो, आणि झाडाची मुळं तिथेच असतात.

काही जण काळ्या जमिनीचा पीएच उतरवायला जिप्सम टाकतात. जिप्सम चोपण म्हणजे सोडियमवाल्या जमिनीचं औषध आहे, चुनखडीवर त्याचा काही उपयोग नाही. तिथे गंधक लागतं, तेही अख्ख्या रानाचा चुना संपवायच्या नादाला न लागता, ते होणारच नाही, फक्त ड्रिपच्या पट्ट्यात शेणखताबरोबर द्यायचं. मातीतले जिवाणू त्याचं हळूहळू आम्ल करतात, त्याला ओल आणि काही आठवडे द्यावे लागतात.

पान वाचायचं कसं

सगळ्यात आधी एवढंच बघा की लक्षण जुन्या पानावर आहे की कोवळ्या. नत्र, पालाश, मॅग्नेशियम झाडात फिरतात, कमी पडले की झाड जुन्या पानातलं काढून शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं आधी जातात. लोह, झिंक, मँगनीज, बोरॉन, तांबं सहजी फिरत नाहीत, म्हणून त्यांची कमतरता शेंड्यावर दिसते. खालची पानं पिवळी असताना मायक्रोन्युट्रियंट मारलं तर काही होणार नाही, तिथे बहुतेक मॅग्नेशियम नाहीतर नत्र कमी असतं.

शेंड्याची पानं पिवळी आहेत पण शिरा बारीक जाळीसारख्या हिरव्यागार, तर लोह. फार वाढलं की पान पांढरट होतं. शिरांच्या दोन्ही बाजूला जरा रुंद हिरवा पट्टा राहून मधलं फिकं पडलं तर मँगनीज. पान लहान, अरुंद, टोकाला पानांचा गुच्छ झाल्यासारखा, पिवळे डाग, तर झिंक. पान जाड, ठिसूळ, वेडंवाकडं, शेंडा मरतो, फळ तडकतं किंवा खडबडीत होतं, तर बोरॉन.

शेताच्या फक्त एका कोपऱ्यात चारच झाडं पिवळी असतील तर आधी खोडाजवळ उकरून मुळं बघा. सूत्रकृमीच्या गाठी, मूळकूज, साचलेलं पाणी, याचंही पान असंच दिसतं आणि त्याच्यावर झिंक मारून काय होणार.

लिंबूवाल्यांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवा, विशेषतः इंडी भागातल्यांनी. झिंकच्या कमतरतेत पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा साधारण सारखाच असतो, आरशात बघितल्यासारखा. ग्रीनिंग रोगात तो एका बाजूला वेगळा आणि दुसऱ्या बाजूला वेगळा, ठिगळं लावल्यागत दिसतो. पान मधोमध दुमडून उजेडात धरलं की फरक कळतो. ग्रीनिंग असेल तर झिंक मारून झाड बरं होत नाही, तो सिट्रस सायला या रोग पसरवणाऱ्या किडीचा विषय आहे आणि तिथे उशीर केला तर शेजारची झाडं पण जातात.

तपासणी

डोळ्यानं बघून अंदाज येतो पण दोन-तीन कमतरता एकत्र असल्या की डोळा फसतो. माती तपासणीचा नमुना घेताना लोखंडी खोरं आणि जस्ताची बादली वापरू नका, तेच लोह आणि झिंक नमुन्यात येतं आणि रिपोर्ट खोटा चांगला दिसतो. फावड्यानं व्ही आकाराचा खड्डा काढला तरी शेवटचा थर लाकडी काठीनं किंवा प्लास्टिकच्या खुरप्यानं खरवडून घ्या. फळझाडाला ० ते ३० आणि ३० ते ६० सेंटीमीटर असे दोन नमुने, झाडाच्या पसाऱ्याखालचे, खत टाकलेली जागा सोडून.

रिपोर्टवर मोटामोटी ही पातळी बघा: झिंक ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत किती भाग) खाली, लोह ४.५ च्या खाली, मँगनीज २ च्या खाली, तांबं ०.२ च्या खाली, बोरॉन ०.५ च्या खाली, म्हणजे कमी. केंद्राची मृदा आरोग्य कार्ड योजना २०१५ ला सुरू झाली तेव्हापासून त्यात झिंक, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन हे पाचही येतात. आपल्याकडे कार्ड कन्नडमध्ये येतं, ज्यांना कन्नड वाचता येत नाही त्यांनी पोराकडून वाचून घ्या: सतु म्हणजे झिंक, कब्बिण म्हणजे लोह, ताम्र म्हणजे तांबं. कार्ड बघून खतांच्या शिफारशीची ओळ सोडून देतात लोक, ती सोडू नका.

कर्नाटकात २००९ पासून इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेच्या मदतीनं भूचेतना कार्यक्रम झाला, जिल्ह्याजिल्ह्यांत मातीचे नमुने तपासले गेले आणि झिंक, बोरॉन, गंधक यांची कमतरता फार ठिकाणी निघाली. म्हणजे आपल्या रानात झिंक-बोरॉन कमी असेल ही शक्यता हवेतली नाही. तेव्हापासून कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात झिंक सल्फेट, बोरॅक्स, जिप्सम सवलतीत यायला लागलं, दुकानात जायच्या आधी तिथे विचारा.

बागेसाठी मात्र पानाची तपासणी मातीपेक्षा जास्त खरं सांगते, कारण झाडात प्रत्यक्ष काय पोचलं ते तिथे कळतं. पान कुठलं तोडायचं हे ठरलेलं आहे. द्राक्षाला उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर डोळ्यात घड तयार होतानाच्या काळात काडीच्या बुडापासून पाचव्या पानाचा देठ, आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ. आंब्याला ४ ते ७ महिन्यांचं, काडीच्या मधलं पान. डाळिंबाला शेंड्याकडून आठवं पान. केळीला वरून तिसरं उघडलेलं पान. फवारणी केल्या केल्या नमुना घेऊ नका, पानावर बसलेलं औषधच मोजलं जातं. गोकाकजवळ अरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे, बैलहोंगल भागात मत्तिकोप्पला केएलई संस्थेचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करा, तपासणी नाही झाली तरी रिपोर्ट वाचून सांगणारी माणसं भेटतात.

काय घ्यायचं

दुकानात पुडीवरचं चित्र बघू नका, टक्केवारी बघा. साधं झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट म्हणजे २१ टक्के झिंक, मोनोहायड्रेट ३३ टक्के. फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, १९ टक्के लोह. बोरॅक्स साडेदहा टक्के बोरॉन, बोरिक अॅसिड १७, पाण्यात चटकन विरघळणारं डायसोडियम ऑक्टाबोरेट २० टक्के. चिलेटेड (म्हणजे मातीत अडकू नये म्हणून सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेलं) झिंक ईडीटीए १२ टक्के. आता हिशोब करा: एक किलो २१ टक्केवाल्या झिंक सल्फेटमध्ये २१० ग्रॅम झिंक, आणि कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्या ग्रेड १ मिश्रणात झिंक ५ टक्के, म्हणजे किलोला ५० ग्रॅम. फक्त झिंक कमी असेल तर मिश्रणाला पैसे का द्यायचे? आणि ग्रेड १ जमिनीतून, ग्रेड २ फवारणीसाठी, हे उलटसुलट करू नका.

चिलेट घ्यायचं की सल्फेट, हेही मातीवरच ठरतं. आम्ल किंवा मध्यम मातीत सल्फेट स्वस्त आणि पुरेसं. चुनखडीत लोहाचं सल्फेट नुसतं टाकलं तर थोड्याच काळात निकामी होतं, ईडीटीए लोहसुद्धा पीएच साडेसहाच्या वर टिकत नाही, तिथे ईडीडीएचए हे दुसरं चिलेट लागतं, ते ६ टक्के लोहाचं लालभडक पावडर. महाग आहे खरं, पण काळ्या चुनखडीत मुळातून लोह द्यायचं असेल तर तेच काम करतं. ते ड्रिपमधून संध्याकाळी सोडा, उन्हात उघडं पडलं की खराब होतं, फवारायला वापरू नका.

ज्यांना एवढा खर्च नको त्यांनी हिराकस आणि झिंक सल्फेट शेणखतात मुरवून द्या. एकरी झिंक सल्फेट १० किलो, फेरस सल्फेट १० किलो, बोरॅक्स २ किलो (हे कमतरता निघाली तरच, आणि बोरॅक्स दरवर्षी नको), चांगल्या कुजलेल्या शेणखतात किंवा गांडूळखतात कालवून, ओलं ठेवून, पंधरा दिवस सावलीत झाकून ठेवायचं आणि मग मुळांच्या पट्ट्यात द्यायचं. शेणखतातली सेंद्रिय आम्लं त्या लोहाला धरून ठेवतात, चिलेटसारखंच काम थोड्या प्रमाणात होतं. नुसतं फेकलेल्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बोरॉनचं माप चुकवू नका हे हात जोडून सांगतो. कमी आणि जास्त यातलं अंतर फार थोडं आहे. जास्त झालं की जुन्या पानांच्या कडा आणि टोकं करपतात आणि लोक त्याला पालाशची कमी समजून अजून काहीतरी टाकतात. काळ्या रानात, जिथे पाण्याचा निचरा होत नाही, तिथे टाकलेलं बोरॉन निघूनही जात नाही.

फवारणी

आंबा, चिकू, पेरू, लिंबू यांना झिंक सल्फेट लिटरला ५ ग्रॅम आणि त्यात विरवलेला चुना अडीच ग्रॅम, चुन्याची निवळी गाळून घालायची, नाहीतर कोवळं पान भाजतं. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅमच्या वर नको, त्यात सायट्रिक अॅसिड १ ग्रॅम आधी विरघळवायचं, म्हणजे लोह तांबडं होऊन बसत नाही. बोरिक अॅसिड लिटरला १ ग्रॅम, आधी कोमट पाण्यात विरघळवून. द्राक्षात चुन्याचा डाग घडावर नको म्हणून चिलेटेड झिंक अर्धा ते एक ग्रॅम बरं. नवीन पालवी अर्धी उघडली की मारा, जून पानावर मेणचट थर असतो, आत कमी जातं. सकाळी दव उठल्यावर किंवा संध्याकाळी, पानाची खालची बाजू भिजेल असं. आणि नवीन कुठलंही मिश्रण आधी दोन-तीन झाडांवर मारून तीन दिवस बघा.

काय कशात मिसळायचं नाही: झिंक, लोह, मँगनीजची सल्फेटं फॉस्फरसवाल्या खतात नकोत, म्हणजे १२:६१:०, ०:५२:३४, डीएपी यात टाकलं की साका बसतो आणि दोन्ही वाया. कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत कुठलंही सल्फेट नको. जमिनीतसुद्धा वर्षानुवर्षं डीएपीची पोती ओतलेली रानं असतात, तिथे स्फुरद एवढं साठलेलं असतं की झिंक उचललं जात नाही. अशा रानात झिंक वाढवायच्या आधी डीएपी थांबवा.

पिकानुसार

द्राक्षात दोन वेळा महत्त्वाच्या. लोक सगळं लक्ष फळछाटणीनंतर देतात, पण घड ठरतो तो खरड छाटणीनंतर, उन्हाळ्यात, काडीत. त्या काळात झिंक आणि बोरॉन कमी पडलं तर ऑक्टोबरनंतर काही मारून घड येणार नाही. पेरं नागमोडी, शेंडा जळाल्यासारखा, हे बोरॉन. पानाच्या देठाजवळचा खाचा उघडा रुंद दिसतो, पान लहान, हे झिंक. घडात मोठे मणी आणि त्यात वाटाण्यापेक्षा बारीक हिरवे मणी मिसळलेले, ज्याला शॉट बेरी म्हणतो, ते दोन्हींनी होतं. फुलोऱ्याच्या आधी एक बोरॉनची फवारणी म्हणूनच चुकवायची नाही. तांब्याची काळजी करू नका, बोर्डोतून (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) ते भरपूर जातं, उलट वर्षानुवर्षं बोर्डो मारलेल्या बागेत तांबं साठून मुळांना त्रास होतो. तेलसंग, अथणी, तिकोट्याकडच्या बेदाण्याच्या बागांत लोहाचा पिवळेपणा ऐन वाढीच्या काळात येतो, तिथे ड्रिपमधून ईडीडीएचए, पाण्याला आम्ल देऊन पीएच उतरवणं आणि पाणी बेतात, हे तीन एकत्र केल्याशिवाय नुसत्या फवारणीनं भागत नाही, आठवड्यात परत पिवळं.

डाळिंबाचं फळ तडकतं त्याला बोरॉन एक कारण, पण त्याहून मोठं कारण पाण्याची ओढाताण, ताण देऊन एकदम भरपूर पाणी. पाणी एकसारखं ठेवल्याशिवाय बोरॉनचा खर्च करू नका.

आंब्याला मोहोराच्या आधी, पाऊस उघडल्यावर, झिंक-बोरॉनची एक फवारणी आणि फळ गोटीएवढं झाल्यावर दुसरी. हेसरघट्टाच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं अर्का मँगो स्पेशल, अर्का सिट्रस स्पेशल, अर्का बनाना स्पेशल अशी त्या त्या पिकाची मिश्रणं आहेत, ती फवारायची म्हणून जमिनीच्या पीएचचा प्रश्न येत नाही, त्यात शॅम्पूची पुडी आणि लिंबाचा रस घालून मारायची पद्धत आहे. ही चांगली वाटतात मला. ऐन मोहोर फुललेला असताना मात्र काही मारू नका, मधमाश्या आणि परागीभवन दोन्हीला धक्का बसतो.

केळीत झिंक कमी असेल तर पोंग्यातून येणारं पान अरुंद आणि शिरांमध्ये पांढरट पट्टे. पपईचं फळ गाठीगाठीचं, वर चीक सुकलेला, तर बोरॉन, आणि हे लवकर ओळखलं तर पुढची फळं चांगली येतात.

फवारल्यावर बघायचं काय, तर पिवळं पडलेलं जुनं पान हिरवं होईल अशी वाट बघू नका, ते बहुतेक पूर्ण सुधारत नाही. फवारणीच्या दिवशी चार फांद्यांना शेंड्याजवळ दोरा बांधा आणि दोऱ्याच्या पुढे जी नवीन पानं येतील ती बघा, ती हिरवी आणि मोठी आली तर निदान बरोबर होतं. नवीन पालवी पण तशीच आली तर दुसरी फवारणी घ्यायच्या आधी परत मातीकडे, पाण्याकडे आणि मुळाकडे जा. आणि बागेची एक ओळ दरवेळी न फवारता सोडा, खुंट्याला खूण करून, म्हणजे काढणीला त्या ओळीचं वजन वेगळं करून झिंक-बोरॉनवर घातलेला पैसा परत आला का ते काट्यावरच बघता येईल.